एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड: ३०६० (१२ जीबी) घेऊ की ४०६० (८ जीबी)? बजेट २६ हजार, वर एक रुपया नाही

कळंबा_नाका:
नमस्कार मंडळी. कोल्हापुरात राजारामपुरीत तीन दुकानं फिरलो, डोकं जास्तच फिरलं. मी फ्लॅटच्या इंटिरियरचे थ्रीडी व्ह्यू करतो, ब्लेंडर या सॉफ्टवेअरमध्ये, त्यातल्या सायकल्सवर (सीनचं पक्कं चित्र काढणारं, म्हणजे रेंडर करणारं इंजिन). महिन्यातनं एखाद्या लग्नाचं एडिटिंग. गेम अजिबात नाही. मशीन: रायझन ५ ३६००, बी४५० बोर्ड, १६ जीबी रॅम, ४५० वॅटचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा), कार्ड जीटीएक्स १०५० टीआय (४ जीबी). परवा थ्रीबीएचकेचा सीन कार्डाच्या मेमरीत मावलाच नाही. सीपीयूवर रेंडर लावून झोपलो, सकाळी बघतो तर रात्री लाईट जाऊन आलेली. झालं!
दुकानदार म्हणतो दोन्हीत ४०६० नवीन आहे, तेच घ्या. पण कागदावर ३०६० ला कूडा कोअर (हिशोब करणारे छोटे भाग) ३५८४ आणि ४०६० ला ३०७२. मेमरी बस (मेमरीकडं जायचा रस्ता) १९२ बिट विरुद्ध १२८. नवं कार्ड जुन्यापेक्षा कमी कसं काय?

शाहूपुरी_एक्स्प्रेस:
भावा, दोन्ही सोड. ४०७० घे. मी घेतलंय. नाद खुळा!

कळंबा_नाका:
बजेट २६ आहे ओ.

शाहूपुरी_एक्स्प्रेस:
मग थांब की दोन महिने. घ्यायचं तर दणक्यात घ्यायचं, नाहीतर घ्यायचंच नाही.

उद्यमनगर_लेथ:
कोअर मोजून दोन पिढ्यांची तुलना होत नाही. ३०६० हे २०२१ चं, बूस्टचा वेग १७७७ मेगाहर्ट्झ. ४०६० हे २०२३ चं, बूस्ट २४६०. कोअर कमी, पण फिरतात जोरात. म्हणून कागदावर १२.७ टेराफ्लॉप्सला (सेकंदाला किती लाख कोटी हिशोब) १५.१ भारी पडतं.
मेमरीचं उलटं आहे. १९२ बिटला मेमरीच्या वेगानं, १५ जीबीपीएसनं गुणा, ८ नं भागा: सेकंदाला ३६० जीबी. ४०६० ला १२८ गुणिले १७, म्हणजे २७२. ती तूट भरून काढायला एल२ कॅश (चिपमधलीच छोटी, वेगवान मेमरी) ३ एमबीवरनं २४ एमबी केली. चांगली युक्ती आहे, पण कॅश वाढवली म्हणून ८ जीबीत ९ जीबीचा सीन बसत नाही. सीन मावला तर ४०६० आधी रेंडर काढणार. नाही मावला तर ३०६० च. सीपीयूवर रेंडर लावलं की खिडकीत वर ‘पीक’ म्हणून सगळ्यात जास्त लागलेल्या मेमरीचा आकडा दिसतो. तो बघ आणि इथं टाक. तोवर दुकानात जाऊ नको.

बिंदू_चौक_बाजार:
३०६० घेणार असशील तर खोक्यावर १२ जीबी आहे का ते डोळे फाडून बघ. त्याच नावाचं ८ जीबीचं पण येतं, त्याची बस १२८ बिट आणि बँडविड्थ २४०. मी तेच घेऊन घरी आलो. परत गेलो तर दुकानदार म्हणतो, तुम्ही ३०६० मागितलं, आम्ही ३०६० दिलं. आता काय बोलणार? अजून बायकोला सांगितलेलं नाही.

रंकाळा_संध्याकाळ:
एएमडीच्या कार्डाचा कुणी विचारच करत नाही. आरएक्स ६६०० घ्या, पैसे पण उरतील. आमच्या चिरंजीवांचे सगळे गेम मस्त चालतात.

उद्यमनगर_लेथ:
काका, गेम नाही, सायकल्स. तिथं एनव्हिडियाच्या ऑप्टिक्सचा (रेंडर पळवणारी सोय) फायदा मोठा आहे.

रंकाळा_संध्याकाळ:
मी अनुभव सांगितला. घ्यायचा तर घ्या.

पेठेत_पुणे:
वर म्हटल्याप्रमाणे कोअर मोजू नका. शिवाय ४०६० हे ११५ वॅट, ३०६० हे १७०. विजेचा विचार करा.

शाहूपुरी_एक्स्प्रेस:
५५ वॅटचा फरक. रोज ६ तास धरलं तर महिन्याला १० युनिट पण होत नाहीत. पुण्यात वडापाव येत नाही तेवढ्यात.

पेठेत_पुणे:
आमच्या वडापावचा इथे काय संबंध?

गोकुळ_शिरगाव_शिफ्ट:
बिलाचं सोडा, यूपीएसचं बोला. माझा ६०० व्हीएचा आहे, म्हणजे ३६० वॅट. १७० वॅटचं कार्ड लावलं, लाईट गेली की तो दोनदा ओरडतो आणि मशीनच बंद. बाकी कंपनी दोन्ही कार्डांना ५५० वॅटचा एसएमपीएस सांगते. तुझा ४५० चा आहे भावा. कार्डाचा बॉक्स फोडायच्या आधी ते बघ.

कळंबा_नाका:
भावा नव्हे, ताई म्हणा. 😄

पेठेत_पुणे:
पण तुम्ही वर ‘फिरलो’, ‘करतो’ लिहिलंय!

कळंबा_नाका:
कोल्हापुरात आम्ही पोरी असंच बोलतो. आई पण ‘मी आलो’ म्हणते आणि आजी पण. आता कार्डाचं बोला.
सीन बघितला. पीक ९.४ जीबी.

उद्यमनगर_लेथ:
मग प्रश्न मिटला ताई. ३०६०, १२ जीबीचं. त्यात तुमचा बोर्ड बी४५०, म्हणजे कार्ड जोडायची वाट पीसीआयई ३. ४०६० ला लेन आठच, तिथं सेकंदाला साधारण ८ जीबी जातं. ३०६० ला सोळा लेन, म्हणजे दुप्पट. मेमरी भरून रॅममधनं माल ओढायची पाळी आली की हे झोंबतं.
पण ९.४ जरा जास्तच वाटतंय. टेक्स्चर (वस्तूंवर चिकटवायची चित्रं) केवढी लावली आहेत?

कळंबा_नाका:
८के (८१९२ बाय ८१९२ पिक्सेल). उतरवताना सगळ्यात मोठं तेच घेतो. पडदे, सोफा, टाइल्स, सगळं.

उद्यमनगर_लेथ:
अरे देवा. ८के चं एक चित्र मेमरीत उघडलं की २५६ एमबी. ४के चं ६४. २के चं १६. लांबच्या पडद्याला ८के कशाला? ब्लेंडरच्या सिम्प्लिफाय सेटिंगमध्ये टेक्स्चर लिमिट आहे, तिथं २०४८ (म्हणजे २के) करून बघा.

बिंदू_चौक_बाजार:
खोक्यावरचं १२ जीबी मात्र बघा हं.

शाहूपुरी_एक्स्प्रेस:
४०७० ला पण १२ जीबीच आहे. सांगून ठेवतो.

कळंबा_नाका:
(चार दिवसांनी) २०४८ केलं, पीक ३.१ वर आलं. थ्रीबीएचके जुन्या १०५० टीआयवरच निघाला. वेळ लागतोय, पण निघतोय. क्लायंटला ८के आणि २के, दोन्ही प्रिंट शेजारी ठेवून दाखवल्या, त्याला फरक कळला नाही. लिमिट सगळ्यांना एकच लागते, म्हणून नंतर ती काढून टेक्स्चरच २के ची केली; फक्त टीव्हीमागच्या दगडी भिंतीला ४के ठेवलं, ती अगदी कॅमेऱ्यासमोर येते.
त्यामुळं कार्ड घेतलं नाही. मोठा यूपीएस, ५५० चा एसएमपीएस आणि १६ जीबी रॅम घेतली. पैसे उरले. काल रेंडर चालू असताना लाईट गेली, फ्रेम सेव्ह करून मशीन बंद केलं.

उद्यमनगर_लेथ:
मी ३०६० म्हटलं होतं. एसएमपीएस झालाच आहे, आता कार्ड पण घेऊन टाका की.

शाहूपुरी_एक्स्प्रेस:
कार्ड विचारायला आली आणि यूपीएस घेऊन गेली. लई भारी.

रंकाळा_संध्याकाळ:
उरलेल्या पैशात ६६०० बसतंय का बघा.

गोकुळ_शिरगाव_शिफ्ट:
यूपीएस किती व्हीएचा घेतला ताई? आणि तो जुना ४५० चा एसएमपीएस विकणार काय?