गॅसची ज्योत पिवळी येतेय, भांडी काळी होतायत – मदत हवी आहे

खारीबिस्कीट
पटकन सांगा कोणीतरी. दोन्ही बर्नरची ज्योत पिवळी, लांबलचक, कढईच्या कडेने बाहेर येते. कुकरचं बूड काजळीने माखतं, घासून घासून हात मोडले. बर्नर काढून सोड्याच्या पाण्यात उकळले, भोकांत सुई घातली, ढिम्म फरक नाही. शेगडी चांगली आहे, आधी मस्त चालायची. नवीन घ्या हा सल्ला नको.

फोडणीपुरतं_मीठ
सिलिंडर संपत आला असेल. आमच्याकडे शेवटी शेवटी ज्योत अशीच होते.

खारीबिस्कीट
नवीन लावलाय. अजून कोणी?

सिरॅमिकवेडी
इंडक्शन घ्या. ज्योतच नाही तर काजळी कुठली! मी घेतल्यापासून ओटा आरशासारखा.

निवांत_नाना
पिवळी म्हणजे नेमकी कशी ते सांगा. निळ्यात मधूनमधून केशरी झाक मारते, की मेणबत्तीसारखी भरीव पिवळी? वरण उतू जाऊन मीठ जळलं की सोडियममुळे झाक येते. खोलीत ह्युमिडिफायर असेल तर पाण्यातल्या क्षारांनीही येते. त्याने भांडी काळी होत नाहीत. भरीव पिवळी आणि काजळी असेल तर गॅसला हवा कमी पडतेय. शेगडी उलटी करा, जिथे गॅस मिक्सिंग ट्यूबमध्ये शिरतो तिथे कोळ्याचं जाळं नाहीतर झुरळ सापडतं. बर्नर कितीही उकळा, हवा तिथूनच आत जाते.

खारीबिस्कीट
मेणबत्तीसारखी. ट्यूब बघितली, स्वच्छ आहे. इथल्या थंडीमुळे होत असेल का? खाली असताना कधी नव्हतं.

निवांत_नाना
खाली म्हणजे कुठे? आता कुठे आहात?

खारीबिस्कीट
पाचगणी. बदली झाली. त्याचा इथे काय संबंध?

डोंगरवाट
आहे ना संबंध! पाचगणी जवळपास 1300 मीटरवर. हवा विरळ, ऑक्सिजन कमी. पाणीसुद्धा तिथे 96 अंशांच्या आसपास उकळतं, कुकर नसेल तर डाळ शिजता शिजत नाही. हा उंचीचा प्रताप आहे, शेगडीला दोष देऊ नका.

निवांत_नाना
पाण्याचं बरोबर, पण हवा तिथे साधारण बारा टक्के विरळ. तेवढ्याने काजळी धरली असती तर पाचगणी-महाबळेश्वरच्या सगळ्या हॉटेलांचे भटारखाने काळे झाले असते.

डोंगरवाट
हॉटेलांचे भटारखाने बघितलेत का कधी आतून?

चुलीवरची_भाकरी
मुळात पिवळी ज्योत वाईट हे कोणी ठरवलं? निळी ज्योत नुसती दिसायला. चुलीसमोर बसा, मग कळेल धग काय असते. आमच्या आजीची भाकरी त्या धगीवर फुगायची. गॅसवर ती चव नाही म्हणजे नाही.

अर्धी_बाटली_आम्ल
भाकरीताई, धग खरी, पण कारण वेगळं. पिवळा रंग म्हणजे ज्योतीत तापून लाल-पिवळे झालेले कार्बनचे बारीक कण. ते सगळीकडे उष्णता फेकतात, म्हणून तोंडाला झळ लागते. निखाऱ्यासमोर उभी केलेली भाकरी या प्रारणावरच शेकते. निळ्या ज्योतीत असे कण जवळपास नसतात. तिथे तापलेले वायू भांड्याच्या बुडाला घासत जातात आणि बरीचशी उष्णता तशी पोचते. तापमानात निळीच वरचढ: मिथेन हवेत पुरतं जळलं तर साडेएकोणीसशे अंशांपर्यंत जाऊ शकतं, मेणबत्तीची पिवळी ज्योत त्याच्या बरीच खाली राहते.
बर्नरच्या एका भोकाकडे निरखून बघा. आत गडद निळा टोकदार शंकू, भोवती फिकी निळी झूल. शंकूच्या पोटात न जळलेला गॅस असतो, सगळ्यात तापलेली जागा त्याच्या टोकाच्या जरा वर. भांडं शंकूतच घुसलं किंवा पिवळ्या ज्योतीत थंड भांडं ठेवलं, की जळणं अर्धवट राहतं. कण बुडाला चिकटतात, शिवाय कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो.

चुलीवरची_भाकरी
एवढं शास्त्र आजीला माहीत नव्हतं तरी तिच्या भाकऱ्या टम्म फुगायच्या. असो.

फोडणीपुरतं_मीठ
अवांतर: अवकाशयानात मेणबत्ती लावली तर ज्योत गोल होते म्हणे. खरं का?

अर्धी_बाटली_आम्ल
खरं. गरम हवा वर जाणं थांबतं, त्यामुळे ज्योतीला ‘वर’ उरतच नाही. गोलसर, निळी, मंद. पण धागा भरकटवू नका.

निवांत_नाना
धागाकर्ते, खाली म्हणजे मुंबईत ना? तिथे सिलिंडर होता की पाइपगॅस?

खारीबिस्कीट
पाइपगॅस. शेगडी तीच, सामानाबरोबर इकडे आणली. इथे सिलिंडर. गॅस तो गॅस, म्हणून लिहिलं नाही.

निवांत_नाना
अहो, मग उंची आणि थंडी सोडा! पाइपातून येतो तो मुख्यत्वे मिथेन, सिलिंडरमध्ये प्रोपेन-ब्युटेन. त्याच आकारमानात सिलिंडरच्या गॅसची उष्णता मिथेनच्या अडीच-तीन पट. मिथेनच्या एका भागाला हवेचे साडेनऊ भाग पुरतात, प्रोपेनला 24 च्या आसपास, ब्युटेनला 31. पाइपाचा दाब 21 मिलिबार, सिलिंडरच्या रेग्युलेटरमधून बाहेर पडताना 30. म्हणून पाइपगॅसच्या शेगडीत जेटचं, म्हणजे गॅस जिथून बर्नरकडे सुटतो त्या बारीक तोटीचं, भोक मोठं असतं. तेच जेट सिलिंडरला जोडलंत, तर गॅस भसाभसा येतो आणि हवा पुरत नाही. काजळी त्याचीच. तुमची शेगडी बिघडलेलीच नाही.

बोल्टनट
जेटमध्ये तांब्याची बारीक तार सरकवा, भोक लहान होतं. मी केलंय, झकास चालतं.

निवांत_नाना
कृपया असलं काही करू नका. तार सरकली की पुन्हा तेच. त्याच शेगडीचे सिलिंडरसाठीचे जेट मिळतात, पितळेचे, नखाएवढे. वितरकाच्या मेकॅनिककडून बदलून घ्या आणि साबणाच्या फेसाने गळती तपासायला लावा.

अर्धी_बाटली_आम्ल
तोवर ती शेगडी बंद. थंडीत खिडक्या लावून स्वयंपाक करता का? घरात कोणाचं डोकं दुखतं, मळमळतं?

खारीबिस्कीट
खिडक्या बंदच असतात, इथला वारा माहीत आहे ना. बायकोचं संध्याकाळी डोकं धरतं, पण ती म्हणते हवा बदलल्यामुळे.

अर्धी_बाटली_आम्ल
खिडकी आत्ता उघडा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. उद्या डॉक्टरांना दाखवा आणि शेगडीचं आवर्जून सांगा, नाहीतर तेही म्हणतील हवा बदलली.

सिरॅमिकवेडी
तेच म्हणत होते मी. इंडक्शन.

फोडणीपुरतं_मीठ
गॅसचा वास आला तर 1906 वर फोन, चोवीस तास.

डोंगरवाट
वास आलाय असं म्हटलंय कुठे त्यांनी? आणि तरी माझं मत, उंचीचा थोडा हात आहेच.

खारीबिस्कीट
खिडकी उघडली. मेकॅनिक परवा येतोय, तोवर डबा लावलाय. जेट दोन बदलायचे की चार? एका बर्नरला दोन दिसतायत.

निवांत_नाना
मोठ्या बर्नरला आतल्या-बाहेरच्या कड्याला वेगळे जेट असतात कधीकधी. दिसतील तेवढे सगळे. प्रत्येकाचं माप वेगळं असू शकतं, मॉडेल नंबर सांगा त्याला.

पोहेवाला_पार्थ
माझं नेमकं उलटं आहे. गावची सिलिंडरची शेगडी ठाण्यात पाइपगॅसला जोडली, ज्योत निळी पण मिणमिणती, चहाला युग लागतं. कनेक्शनचा दाब कमी असेल का?

निवांत_नाना
तुमचे जेट लहान पडतायत. नवा धागा काढा, आणि शेगडी कुठून आणली ते पहिल्याच ओळीत लिहा.