बॉडी स्कॅनमध्ये पोटापाशी आलं की धडधडतं – मदत हवी आहे

शेवंती३:
आठ आठवड्यांचा माइंडफुलनेसचा कोर्स लावलाय, तिसरा आठवडा चालू आहे. पोटातल्या बाळाशी जवळीक वाटावी म्हणून घेतला. त्यात बॉडी स्कॅन असतं, म्हणजे पायापासून वर एकेका अवयवाकडे लक्ष न्यायचं. गुडघ्यांपर्यंत सगळं ठीक, पोटापाशी आलं की छातीत धडधड, दरदरून घाम. शिकवणाऱ्या बाई म्हणतात, "जे येतंय ते येऊ द्या." किती येऊ द्यायचं? "पॉझिटिव्ह राहा" कृपया लिहू नका.

दुपारचा_चहा:
कितवा महिना? बसून करता की झोपून?

निवांत:
हे सगळं सोडा. कुंभक करा, जमेल तितका श्वास धरायचा. माझं बीपी त्यानेच खाली आलं.

दुपारचा_चहा:
निवांत, गरोदरपणात श्वास रोखायचा नसतो. तुम्ही कधी गरोदर होतात?

निवांत:
अनुभव सांगितला. माइंडफुलनेस म्हणजे तरी काय, आपलंच ध्यान.

कोरा_कागद:
मूळ तिथलंच, पण या कोर्सचा साचा अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी १९७९मध्ये जुनाट दुखण्याच्या रुग्णांसाठी बसवला. गरोदर बायकांसाठी नॅन्सी बार्डाके या सुईणीने तो नंतर बदलून घेतला. शेवंतींचा कोर्स कोणता?

घारी:
व्हाइट नॉइज मशीन, ते सतत एकसुरी आवाज करणारं, घेऊ नका कोणी. बाळाला त्याशिवाय झोप येत नाही मग.

शेवंती३:
कोर्स साधाच, सगळ्यांसाठीचा. ३१वा आठवडा. उताणी झोपून करते, रेकॉर्डिंगमध्ये तसंच सांगतात. त्याचा काय संबंध?

दुपारचा_चहा:
अहो, तोच तर! या दिवसांत उताणं पडलं की गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर येतो, हृदयाकडे रक्त कमी परततं. घाम, चक्कर, धडधड. पायापासून सुरुवात केली की पोटाशी येईतो तुम्हाला पडून दहा मिनिटं झालेली असतात. कुशीवर करा, नाहीतर खुर्चीत. आणि डॉक्टरांना सांगाच, हिमोग्लोबिन आणि थायरॉईडही बघतील. बाळाची हालचाल कमी वाटली तर मात्र धाग्यावर विचारत बसू नका, लगेच जा.

शेवंती३:
कुशीवर केलं. धडधड नाही, पण पोटाशी आल्यावर रडूच फुटलं. मागच्या वेळी विसाव्या आठवड्यात बाळ गेलं होतं. ते इथे लिहिलं नव्हतं.

कोरा_कागद:
मग पोट सध्या वगळा. डोळे उघडे ठेवा, तळपाय जमिनीवर, खोलीतले आवाज ऐका. बाळ हललं तर "हललं" एवढंच म्हणायचं, प्रेम वाटलंच पाहिजे असं नाही. मला ते जन्मानंतर दीड महिन्याने वाटलं. बाईंना मागचं सांगा, हे त्यांना माहीत असायलाच हवं. डॉक्टरांकडे नैराश्य तपासायची एडिनबरा प्रश्नावली मागा, दहाच प्रश्न असतात, गेल्या सात दिवसांवरचे.

निवांत:
श्वास धरायचं मागे घेतो. माहीत नव्हतं.

शेवंती३:
उद्या बाईंशी बोलते, परवा डॉक्टर. घारी, मशीन घेऊन झालंय.