प्रोबायोटिकची पुडी म्हणे 'फुकटात पडते'!

तिरकस:
काल कुणीसं इथे ठोकून दिलं: 'लेकराला जुलाब लागले की लगेच प्रोबायोटिक, म्हणजे पोटाला उपयोगी मानल्या जाणाऱ्या जिवंत जंतूंची पुडी, सुरू करा. आजार एक दिवस आधी आटोपतो, आईबापांची एक रजा वाचते, म्हणजे पुडी फुकटातच पडली.' खाली माना डोलावणाऱ्यांची रांग. रात्रभर डोक्यातून जाईना, म्हणून हे लांबण.

तो 'एक दिवस' २०१० च्या कॉक्रेन आढाव्यातला (कॉक्रेन म्हणजे जगभरच्या चाचण्या एकत्र करून तपासणारी संस्था). ६३ अभ्यास, सरासरी २५ तासांची बचत. पुढे २०१८ मध्ये अमेरिकेत ९७१ मुलांवर एलजीजी हा पुड्यांतला नावाजलेला जिवाणू तपासला. जुलाब चालले ४९.७ तास, खोट्या पुडीवर ५०.९. रजावाल्यांनी पुढचं दोनदा वाचा: पाळणाघर दोन्हीकडे दोनच दिवस बुडालं. त्याच वर्षी कॅनडात ८८६ मुलांवर दुसऱ्या दोन जिवाणूंची जोडी वापरली, तिथेही फायद्याची पाटी कोरी. २०२० मध्ये कॉक्रेननेच ८२ अभ्यास घेऊन पुन्हा हिशेब मांडला, तर काटेकोर चाचण्यांत फरक उरलाच नाही. खर्च भागिले फायदा करताना छेदात शून्य आलं तर काय होतं, हे शाळेत शिकलोय ना आपण?

दोन_पिल्लांची_आई:
तुमचे आकडे तुम्हाला लखलाभ. रात्री तीनला सातवं लंगोट बदलताना कॉक्रेन येत नाही मदतीला. थोरल्याला पुडी दिली, तिसऱ्या दिवशी खणखणीत.

तिरकस:
आणि धाकटीला?

दोन_पिल्लांची_आई:
तिला नव्हती दिली. तीही तिसऱ्याच दिवशी बरी झाली. पण तिचं दुखणं मुळात हलकं होतं!

आकडेमोड्या:
तिरकस, शून्य म्हणायची एवढी घाई नको. दोन्ही चाचण्या इमर्जन्सीत आलेल्या मुलांवरच्या. तिथे पोचेपर्यंत अर्धा आजार सरलेला असतो. शिवाय 'प्रोबायोटिक' हे एक औषध नव्हे, स्ट्रेननुसार, म्हणजे जंतूच्या नेमक्या वाणानुसार, सगळं बदलतं. काही पुड्यांत असते ती बुलार्डी तर जिवाणूही नाही, यीस्ट आहे, आणि या दोन चाचण्यांत ती नव्हतीच. युरोपातले बालपोटविकारतज्ज्ञ २०२३ मध्येही बुलार्डी आणि एलजीजीचा 'विचार करता येईल' म्हणतात.

तिरकस:
'विचार करता येईल'! आणि २०२० मध्ये अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने तिकडच्या मुलांसाठी 'नको' म्हटलं, ते सोयीने विसरलात. बुलार्डीचं म्हणणं मान्य, अर्धं. पण दुकानात कुणी स्ट्रेन विचारतं का? 'पोटाची पुडी द्या' म्हणतात आणि हाताला येईल ते मिळतं. मग युरोपचा दाखला कुठल्या पुडीला लावायचा?

मुकाट_वाचक:
इतकी वर्षं नुसता वाचतोय, आज राहवेना. पुडी चालते की नाही यावर डोकी फोडताय, पण ओआरएस, म्हणजे जुलाबात पाजायचं मीठसाखरेचं पाणी, नीट कोण कालवतं ते विचारा. माझ्या पुतण्याला एक लिटरचं अख्खं पाकीट पेलाभर पाण्यात कालवून पाजलं होतं. पोर तहानेने किंचाळत होतं, तर 'ओआरएस मानवत नाही' म्हणून आणखी तेच. रक्तातलं सोडियम चढलं, भरती करावं लागलं.

आकडेमोड्या:
बाप रे. नीट कालवलं तर त्याची तीव्रता लिटरला २४५ मिलिऑस्मोल (विरघळलेल्या क्षार-साखरेचं माप) असते, रक्तापेक्षा पातळ. पेल्यात घातलं की पाचपट, सव्वाबाराशेच्या आसपास. आतडं उलट पाणी बाहेर ओढतं.

खडूसकाका:
आज्यांना एवढं शिकवलं तरी...

मुकाट_वाचक:
आजी कुठून आली मध्येच? कालवलं होतं माझ्या भावाने. इंजिनिअर आहे.

खडूसकाका:
बरं बाबा, इंजिनिअर. पण पाकिटावरचा मजकूर मुंगीएवढ्या अक्षरात छापतात, त्याचं काय? मला तर भिंग लागतं.

दोन_पिल्लांची_आई:
काका, भिंग घ्या, पण 'आज्या' शब्द आधी मागे घ्या. माझी दोन्ही पोरं सासूबाईंनी चमच्या-चमच्याने ओआरएस पाजून उभी केलीत.

खडूसकाका:
घेतला मागे. सासूबाईंना साष्टांग नमस्कार कळवा.

तिरकस:
मुकाटभाऊंनी दुखरी नस पकडली. ओआरएसने जुलाब थांबत नाहीत, फक्त पोर सुकत नाही. १९७१ मध्ये पश्चिम बंगालातल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, तेव्हा डॉक्टर दिलीप महालनबीसांनी हेच मीठसाखरेचं पाणी पिंपांतून वाटलं आणि मृत्यूंचं प्रमाण ३० टक्क्यांवरून चारच्याही खाली आलं. पण आईबापांना हवं असतं ते लंगोट कोरडं, म्हणून पुडी खपते. जुलाबात ओआरएसच्या जोडीला देतात ते झिंक (जस्ताचं औषध) सहा महिन्यांवरच्या मुलांत, जिथे कुपोषण जास्त तिथे, साधारण अर्धा दिवस वाचवतं. त्याचं कौतुक कुणाला नाही.

दोन_पिल्लांची_आई:
कारण झिंक पाजलं की पोर ओकतं! पाजून बघा एकदा, मग कौतुक करा.

आकडेमोड्या:
बरोबर आहे त्यांचं. झिंकने उलट्या वाढतात, हेही चाचण्यांतच दिसलंय.

तिरकस:
चला, आकडे एकदाचे ताईंच्या बाजूने पडले. मान्य.

दोन_पिल्लांची_आई:
उपकार झाले. आज खास ओआरएससाठी एक लिटरची बाटली खूण करून ठेवली. पुडी मात्र मी देणार. घरात चार पडल्यात.

तिरकस:
द्या, खिसा तुमचा. आधी बाटली, मग पुडी.

खडूसकाका:
ती खूण मोठी करा जरा. लांबून दिसायला हवी.