हार्ट फेल्युअर क्लिनिक: ॲपवर रोज ८-१० लाल अलर्ट, तरी नेमके पेशंट निसटतात. नियम कुठे चुकतोय?

ओपीडी_वही

हार्ट फेल्युअरचे (हृदय कमजोर पडून अंगात पाणी साचतं, म्हणून वजनावर लक्ष) ४२ पेशंट मोबाइल ॲपवर आहेत. प्रत्येकाकडे ब्लूटूथ वजनकाटा आणि दंडाला पट्टा बांधायचं बीपी मशीन. रोज सकाळी ॲप तीन प्रश्न विचारतं: धाप वाढली का, पायावर सूज आहे का, थकवा आहे का. उत्तर हो किंवा नाही. डॅशबोर्ड एक सिस्टर ९ ते ५ बघतात.

सध्याचा नियम: कालच्यापेक्षा १ किलो किंवा ३ दिवसांत २ किलो जास्त भरलं की लाल. रोज ८-१० लाल येतात, फोन केला तर बहुतेकांना काहीच झालेलं नसतं. उलट गेल्या महिन्यात ॲडमिट झालेल्या तिघांपैकी दोघे आदल्या दिवसापर्यंत हिरवे होते. मर्यादा वाढवली तर आणखी निसटतील, कमी केली तर सिस्टर दिवसभर फोनवरच. शिवाय काहींचं वजन चार-पाच दिवस येतच नाही आणि मग एकदम सगळे आकडे पडतात. नियम काय ठेवावा, आणि लाल दिसल्यावर फोनवर नेमकं काय विचारावं?

ड्राय_वेट

मर्यादा वर-खाली करून हे सुटणार नाही. तुलना कोणत्या आकड्याशी करायची, तिथे गडबड आहे.

आधी तो १ किलोचा नियम. पोट साफ न होणं, लघवी न करता काट्यावर उभं राहणं, जाड कपडे, काट्याची जागा बदलणं, एवढ्यानेच एका दिवसात किलोभर फरक पडतो. त्यावर लाल दिवा लावलात तर बहुतेक वेळा तो खोटाच निघणार. वजनाची वेळ पक्की करा: उठल्यावर, लघवी करून, काही खाण्यापिण्याआधी, गोळ्यांआधी, रोज साधारण त्याच कपड्यांत. ज्या दिवशी वजन दुपारी केलंय, तो आकडा नोंदीत राहू दे, पण नियमात धरू नका.

३ दिवसांत २ किलो हा नियम ठेवा, युरोपीय मार्गदर्शक सूचनांतही तोच आहे. पण तो एकटा पुरत नाही, कारण तो फक्त भरकन चढणारं पाणी पकडतो. रोज १५० ग्रॅम चढत राहिलं तर ३ दिवसांत ४५० ग्रॅमच होतात, लाल कधीच पेटत नाही आणि ३ आठवड्यांत पेशंट ३ किलो पाण्याने जड झालेला असतो. ‘गेल्या ७ दिवसांची सरासरी’ धरणाऱ्या ॲपचाही हाच घोटाळा, सरासरी पेशंटबरोबर वर सरकत जाते. म्हणून दुसरी रेघ स्थिर हवी: सूज नाही, आडवं झोपता येतंय, तपासणीत पाणी नाही अशा अवस्थेतलं वजन डॉक्टरांनी ड्राय वेट म्हणून ठरवायचं आणि त्यापेक्षा २ किलो वर गेलं की पिवळा. ही रेघ ॲपने आपोआप हलवायची नाही. दर भेटीत डॉक्टरांनी तपासून हलवायची, कारण पेशंट खरोखर रोडावला तर तेच ‘नेहमीचं’ वजन पाण्याने भरून निघालेलं असतं आणि आकडा हिरवाच दिसतो.

आता ते निसटलेले दोघे. हे नवलाचं नाही. २ किलो वाढीच्या नियमाची संवेदनशीलता तपासली गेली तेव्हा ती ९ टक्के (खरोखर बिघडलेल्या शंभरांपैकी नऊच पकडले) आणि विशिष्टता ९७ टक्के (न बिघडलेल्या शंभरांपैकी ९७ जणांना दिवा पेटला नाही) निघाली होती. म्हणजे दिवा पेटला तर दखल घ्या, नाही पेटला म्हणून निश्चिंत होऊ नका. बऱ्याच जणांत पाणी नव्याने साचतच नाही, पोटाच्या शिरांमधलं रक्त सरकून फुप्फुसाकडे दाब वाढतो. काटा तेच वजन दाखवतो आणि माणसाला धाप लागते.

म्हणून प्रश्न बदला. ‘धाप वाढली का’ याला पेशंट ‘नाही’च म्हणतो, कारण त्याने जिना चढणं सोडून दिलेलं असतं. आकडा मागा, कृती विचारा:

– काल रात्री किती उशा घेतल्या? (नेहमीपेक्षा एक जरी जास्त, तरी पिवळा)
– रात्री धाप लागून उठून बसावं लागलं का?
– बूट-चप्पल घालायला वाकल्यावर अर्ध्या मिनिटात दम लागतो का?
– गेल्या आठवड्यात जमत होतं असं कोणतं काम आज जमलं नाही?

दुसऱ्या प्रश्नाला ‘हो’ आलं तर वजन काहीही असो, त्याच दिवशी फोन. वजन आणि एक लक्षण दोन्ही असेल, तरी त्याच दिवशी. नुसतं वजन असेल तर पहिल्या दिवशी फोन नको, ॲपनेच दुसऱ्या सकाळी पुन्हा वजन आणि हेच प्रश्न विचारावेत. तुमचे निम्म्याहून जास्त लाल इथेच गळतील.

आणि बसल्या जागी धाप, छातीत दुखणं, शुद्ध हरपणं, आयसीडीचा (ठोका बिघडला की झटका देणारं, छातीत बसवलेलं यंत्र) झटका, यांना फॉर्ममध्ये जागाच देऊ नका. पहिल्याच पडद्यावर ‘हे असेल तर ॲप बंद करा, रुग्णवाहिका बोलवा’ असं मोठ्या अक्षरांत हवं. पेशंट ‘तीव्र धाप’वर टिक करून सिस्टरच्या फोनची वाट बघत बसतो, हा या सगळ्यातला सर्वात धोक्याचा प्रकार.

काटेकोर

‘चार-पाच दिवस नाही आणि मग एकदम’ हे पेशंटचं कमी आणि फोनचं जास्त आहे. काटा मोजमाप स्वतःत साठवतो, ॲप उघडलं की सगळं एकदम वर जातं. दोन गोष्टी तपासा.

एक, सर्व्हरवर कोणती वेळ नोंदली जाते? अपलोडची वेळ धरली असेल तर सहा दिवसांची वजनं एकाच सकाळी पडतात आणि ३ दिवसांचा नियम त्यावर वाट्टेल ते बोलतो. मोजल्याची वेळच घ्या. काट्याचे सेल बदलले की त्याचं घड्याळ शून्यावर जाऊ शकतं, मग १९७० किंवा २००० सालच्या नोंदी दिसतात. त्या टाकून देऊ नका, बाजूला काढून पेशंटला विचारा.

दोन, अँड्रॉइडची बॅटरी बचत. ॲप मागे पडलं की फोन त्याला झोपवतो. सेटिंग्जमध्ये या ॲपला बॅटरीचं बंधन काढून टाका. अँड्रॉइड ११ पर्यंत ब्लूटूथ शोधायला लोकेशनची परवानगी लागते, १२ पासून ‘जवळची उपकरणं’ ही वेगळी परवानगी आहे, फोन अपडेट झाल्यावर ती पुन्हा द्यावी लागू शकते. आणि बरेच दिवस न उघडलेल्या ॲपच्या परवानग्या अँड्रॉइड आपणहून काढून घेतो. पेशंटने फोन बदलला तर जोडणी नव्याने करायची, हे त्याला आधीच सांगा.

डॅशबोर्डचा रंग कसा ठरतो तेही बघा. आज नोंद नसेल तर शेवटचाच रंग दाखवत असेल, तर तुमच्या दोन ‘हिरव्यां’पैकी एखादा प्रत्यक्षात नोंदच नसलेला असू शकतो. नोंद नाही म्हणजे राखाडी, सलग २ दिवस राखाडी म्हणजे फोन. बरं वाटत नसलेला माणूस काट्यावर चढत नाही, त्यामुळे कोरी जागा ही स्वतःच खूण आहे.

आता काट्याचं. घरात दोघे-तिघे वापरत असतील तर ‘वजनावरून माणूस ओळखा’ ही सोय बंद करा. ७१ किलोचा पेशंट पाण्याने ७५ झाला आणि घरात कोणी ७६ किलोचं असेल, तर काटा ते वजन त्यांच्या खात्यात टाकतो. नेमका ज्या दिवशी हवा त्या दिवशी आकडा गायब! काट्याखाली किलो-पौंडाचं बटण असतं, ते पुसताना दाबलं जातं. नवा आकडा जुन्याच्या साधारण २.२ पट असेल तर अलर्ट न देता एकक तपासायला सांगा. सतरंजीवर नको, कडक सपाट फरशीवर ठेवा. हलवल्यावर एकदा पाय ठेवून उतरा, शून्य येऊ द्या, मग वजन करा.

चरबी-स्नायू मोजणारा काटा शरीरातून बारीक विद्युतप्रवाह सोडतो, पेसमेकर किंवा आयसीडी असलेल्यांनी तो वापरू नये असं उत्पादकच लिहितात. साधा काटा द्या. आणि चुंबक असलेले नवे फोन अशा पेशंटने शर्टाच्या खिशात ठेवू नयेत, उपकरणापासून १५ सेंटीमीटर तरी लांब.

हाताने आकडा टाकायची सोय ठेवा, पण नोंदीवर ‘हाताने’ असा शिक्का हवा. माणूस ७२.४ ला ७२ लिहितो, आणि कंटाळला की कालचाच आकडा परत टाकतो. सलग पाच दिवस अगदी तोच आकडा दिसला तर तो काट्याचा नाही असं समजा.

गोळीचा_डबा

फोनवर काय विचारायचं ते. क्रम हाच ठेवा:

लघवीची गोळी गेल्या ३ दिवसांत चुकली का (‘घेता का’ नको, ‘पाकिटात किती उरल्या’ विचारा). दुखण्यावर काही घेतलं का: आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी मीठ-पाणी साचतं, लघवीच्या गोळीचा जोर कमी होतो. पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्यांत सोडियम बरंच असतं, हे पेशंटच्या गावीही नसतं. ‘कमी सोडियमचं मीठ’ सुरू केलंय का, त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं आणि पेशंट स्पायरोनोलॅक्टोनवर (शरीरात पोटॅशियम अडवून ठेवणारी गोळी) असेल तर पोटॅशियम धोकादायक पातळीला जाऊ शकतं.

मग वाढीव डोस. सिस्टरनी फोनवर ठरवायचा नाही. प्रत्येक पेशंटच्या फाइलमध्ये डॉक्टरांची सही असलेली योजना आधीच हवी: कोणती गोळी, किती वाढवायची, किती दिवस, कधी थांबायचं. साधारण ३ दिवस वाढवून मूळ डोसवर परत. तिसऱ्या दिवशी वजन उतरलं नाही तर चौथा दिवस वाढवायचा नाही, पेशंटला बोलवायचं. साधारण आठवड्याभरात रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कळतं) आणि पोटॅशियम तपासायचं.

तुमच्या यादीत खाली जाणारं वजन नाही. तेही घाला. ड्राय वेटच्या २ किलो खाली, किंवा वरचं बीपी ९० च्या खाली आणि उभं राहिल्यावर चक्कर: हा कोरडा पडलेला पेशंट, वाढीव गोळीची योजना इथे चालवली तर मूत्रपिंडाला मार बसतो. उलट्या-जुलाब असतील, खाणं-पिणं बंद असेल तर डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या (लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या) गोळ्या तात्पुरत्या थांबवायच्या का, हे डॉक्टरांना त्याच दिवशी विचारा.

ओपीडी_वही

राखाडीचं बरोबर निघालं, डॅशबोर्ड शेवटचाच रंग दाखवतो. आणखी दोन शंका. एट्रियल फिब्रिलेशनच्या (एएफ, हृदयाचे ठोके अनियमित पडणं) पेशंटचं बीपी प्रत्येक वेळी वेगळं येतं, कोणतं धरायचं? आणि ९ ते ५ बघणं पुरेसं आहे का?

ड्राय_वेट

एएफमध्ये ठोक्यागणिक दाब बदलतो, एका मापावर विश्वास ठेवू नका. ५ मिनिटं टेकून बसणं, पाय जमिनीवर, पट्टा हृदयाच्या उंचीला, मिनिटाच्या अंतराने तीन मापं, सरासरी धरा. मनगटावरच्या घड्याळाची नाडी एएफमध्ये कमी भरते, कारण दुबळे ठोके मनगटापर्यंत पोचतच नाहीत. वेग हवा असेल तर ईसीजी.

वेळेबद्दल: नुसता आकडा गोळा करून फायदा होत नाही, हे मोठ्या चाचण्यांत दिसलंय. २०१० ची टेली-एचएफ, १६५३ पेशंट, स्वयंचलित फोनवर रोज लक्षणं आणि वजन: नेहमीच्या उपचारापेक्षा काही फरक नाही. १४ टक्के पेशंटनी ती सेवा एकदाही वापरली नाही. २०१८ ची जर्मनीतली टिम-एचएफ२, १५७१ पेशंट: वजन, बीपी, ईसीजी, ऑक्सिजन रोज, आणि पलीकडे २४ तास डॉक्टर-नर्स बसलेले. तिथे मृत्यू किंवा हृदयविकारासाठी अचानक ॲडमिट होण्यात गेलेले दिवस वर्षाला १७.८, नेहमीच्या उपचारात २४.२. दोन्हींत पेशंटच्या हातातली यंत्रंही वेगळी होती, पण मोठा फरक पलीकडे सतत बसलेल्या माणसांचा.

तुम्हाला २४ तास जमणार नसेल तर ते पेशंटला स्पष्ट सांगा. संध्याकाळी ५ नंतर नोंद केली की ॲपने ‘हे उद्या सकाळी ९ ला पाहिलं जाईल’ असं दाखवावं. शनिवार-रविवारचंही तसंच. कोणीतरी बघतंय असं समजून लोक रात्र काढतात.

ओपीडी_वही

ठीक. १ किलोचा नियम काढला, ड्राय वेटची रेघ घातली, उशांचा प्रश्न घातला. ड्राय वेट म्हणून डिस्चार्ज कार्डावरचं वजन टाकतोय.

काटेकोर

ते टाकू नका. वॉर्डातला काटा वेगळा, कपडे वेगळे, वेळ वेगळी. दोन काट्यांत दीड-दोन किलोचा फरक सहज असतो, म्हणजे पेशंट पहिल्याच दिवशी पिवळा किंवा २ किलो पाणी चढलं तरी हिरवा. घरी गेल्यावर घरच्या काट्यावर पहिल्या तीन सकाळची वजनं घ्या, मधला आकडा डॉक्टरांना दाखवून मग रेघ मारा. काटा बदलला की पुन्हा तेच, जुना आणि नवा एका सकाळी लागोपाठ वापरून फरक लिहून ठेवा.