अंड्यावरच्या कोंबड्यांना आंबवलेले धान्य द्यावे का?

प्रश्न (चोपडा तालुका, जि. जळगाव)
माझ्याकडे गिरिराज जातीच्या 60 कोंबड्या अंड्यावर आहेत. तयार लेअर खाद्य (अंड्यावरच्या कोंबड्यांसाठीचे) परवडेना, म्हणून होळीनंतर ते बंद करून मका, दादर (रब्बी ज्वारी) आणि बाजरी यांची भरड तीन दिवस पाण्यात आंबवून देत आहे. विष्ठेची दुर्गंधी कमी झाली आणि खाद्याची नासाडीही थांबली; परंतु गेल्या पंधरवड्यात कवचे इतकी पातळ झाली आहेत की टोपलीत ठेवतानाच अंडी पिचतात. दोष आंबवण्याचा आहे की आणखी कशाचा?

उत्तर (निवृत्त पशुधन पर्यवेक्षक, शिरपूर)
भाऊ, दोष आंबवण्याचा नाही, लेअर खाद्य बंद केल्याचा आहे. एका अंड्याच्या कवचात सुमारे 2 ग्रॅम कॅल्शियम असते. मका-ज्वारीत ते नगण्य, म्हणूनच लेअर खाद्यात ते साडेतीन ते चार टक्के ठेवलेले असते. ते न मिळाल्यास कोंबडी स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम काढते आणि कालांतराने पायांनी अधू होते. त्यात हा उन्हाळा! कोंबडी धापा टाकू लागली की रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो आणि कवचासाठी लागणारे कार्बोनेट कमी पडते.

आंबवण्याचा लाभ मात्र खरा आहे. लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू वाढून खाद्याचा सामू (pH; जितका कमी तितके आंबट) 4 ते 4.5 पर्यंत उतरतो, त्यामुळे साल्मोनेला, ई. कोलाय यांसारख्या जंतूंना आतड्यात वाढणे कठीण जाते; शिवाय धान्यात फायटेटच्या रूपाने अडकलेला फॉस्फरस मोकळा होतो. माझे मत विचाराल तर लेअर खाद्यच आंबवावे. धान्य द्यायचेच असेल, तर रोजच्या साडेसहा किलोंपैकी सव्वा किलोहून अधिक नको, आणि शिंपल्यांची भरड वेगळ्या भांड्यात संध्याकाळी ठेवावी, कारण कवच मुख्यतः रात्री तयार होते.

उत्तर (परसातील कुक्कुटपालन, धुळे)
बिबड्यांची (ज्वारीच्या पापडांची) ज्वारी आपण तीन दिवस भिजत घालतो, तोच हिशेब दादांनी येथे लावलेला दिसतो. पण पारा 42 अंशांवर असताना 24 तास पुरेसे होतात. धान्य पाण्याखाली बुडालेले राहावे. आदल्या दिवशीचे थोडे आंबट पाणी नव्या घाण्यात घातल्यास आंबवण लवकर लागते. वास ताकासारखा आंबट हवा. दारूसारखा उग्र वास आला किंवा वर बुरशी दिसली, तर मोह न धरता सगळे फेकावे. काळपट, बुरशीचा मका आंबवून शुद्ध होत नाही. त्यातील अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष टिकून राहते आणि यकृत बिघडवते. दोन तासांत संपेल एवढेच वाढावे व भांडी रोज धुवावीत.

प्रश्नकर्ता
आजच लेअर खाद्य आणतो. गुरांसाठी घरात सरकीची ढेप भरपूर आहे, प्रथिनांसाठी ती त्यात आंबवली तर चालेल का?

उत्तर (शिरपूर)
ढेप गुरांनाच राहू द्या. तिच्यातील गॉसिपॉल या सरकीतल्या द्रव्यामुळे अंडी साठवणीत असताना बलक हिरवट-तपकिरी पडतो, आणि असे अंडे गिऱ्हाईक एकदा फोडून पाहील, दुसऱ्यांदा घेणार नाही. प्रथिनांसाठी सोयाबीनची पेंड घ्यावी.