बाबांसोबत वाचलेलं चित्रपुस्तक: पिना गंजल्यात, घडी फाटलीय, कसं सांधावं?

टिळकवाडीकर:
नमस्कार मंडळी. मॉस्कोच्या रादुगा प्रकाशनाचं मराठी चित्रपुस्तक आहे. 16 पानं, मधोमध दोन पिना. बाबांनी वाचून दाखवताना अवघड शब्दांवर कानडीत अर्थ लिहिलेत, काही पेन्सिलीनं, काही शाईपेनानं. पिना गंजल्यात, मधलं जोडपान सुटलंय, कव्हरची घडी अर्धी फाटलीय, वर जुनी पिवळी सेलोटेप. आता लेकीला ह्याच पुस्तकातून वाचून दाखवायचंय. बाइंडर म्हणतात, कडा कापून पक्कं बाइंडिंग करू. करावं का?

खडेबाजार_बाइंडिंग:
कडा कापू देऊ नका, ताई. अशा पुस्तकात चित्र थेट काठापर्यंत असतं, तीन-चार मिलिमीटर कापले तरी कुणाचे तरी पाय जातात. बाजूनं टाके घातले तर मधल्या जोडपानाचं चित्र शिवणीत गडप होतं. 1991 ला सोव्हिएत संघ मोडला आणि ही पुस्तकं यायची थांबली. दुसरी प्रत सहज मिळणार नाही.

आधी प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं बारीक आकडा घाला. मग मधलं पान उघडून पिनेचे दुमडलेले पाय बोथट सुरीनं आतून सरळ करा आणि पिन बाहेरच्या बाजूनं हळू काढा. पाय सरळ न करता बाहेरून पिन ओढली की गंजानं चिकटलेला कागद सोबत निघतो, भोकाची खिंड होते. गंजाची भुकटी मऊ कोरड्या ब्रशनं झाडायची, पाणी नाही.

पानं सुटी आहेत तोवर स्कॅन करून घ्या, 600 डीपीआयला. एकदा शिवलं की घडीजवळचा भाग सपाट बसत नाही. 16 पानी पुस्तकात सुट्या जोडकागदाच्या एका बाजूला येणाऱ्या दोन पानांच्या आकड्यांची बेरीज कायम 17 असते: 16 आणि 1, 2 आणि 15. घरापुरती प्रत छापलीत तर हेच जुळवून बघा.

शहापूरची_वाचक:
सांधायला फेव्हिकॉल नको, सेलोटेप तर नकोच. फेव्हिकॉल वाळला की परत सुटत नाही, आणि कडक झालेल्या जागेच्या शेजारी कागद नव्यानं मोडतो. कुरडयांसाठी काढतो तो गव्हाचा चीक घ्या, मीठ घालायच्या आधीचा. वाळवून पूड करा. एक चमचा पुडीला पाच चमचे पाणी, मंद आचेवर वीसेक मिनिटं ढवळत राहायचं, पारदर्शक झालं की फडक्यातून गाळायचं. मैद्याची खळ त्यापेक्षा लवकर पिवळी पडते. बाइंडर खळीत मोरचूद घालतात ते विषारी असतं, लहान मूल हाताळणाऱ्या पुस्तकात ते अजिबात नको.

वर लावायला पातळ जपानी टिश्यू, म्हणजे लांब तंतूंचा चिवट कागद, ऑनलाइन मिळतो. कात्रीनं कापू नका. ओल्या ब्रशची रेघ मारून फाडा, म्हणजे कडेला तंतू सुटतात आणि जोड दिसत नाही. पट्टी फाटीपेक्षा दोन्हीकडं पाच-सहा मिलिमीटर जास्त. खळ पट्टीला लावायची, पानाला नाही. गुळगुळीत कागद असेल तर खळ घट्ट आणि अगदी कमी ठेवा, नाहीतर वरचा थर छपाईसकट उचलला जातो. वर बटर पेपर, टीपकागद, मग वजन. टीपकागद पंधरा मिनिटांनी बदला, मग तासाभरानं, मग रात्रभर.

खानापूरकर:
कानडी अक्षरांचं आधी बघा. हीच जागा सगळ्यात जपायची आहे. पेन्सिलीला धोका खोडरबराचा, शाईला पाण्याचा. ओलसर टीपकागदाचं टोक एका अक्षराच्या कडेला दोन सेकंद टेकवा. त्यावर निळं उतरलं तर तिथं खळ न्यायची नाही, पट्टी अर्धा सेंटिमीटर अलीकडंच थांबवायची.

सेलोटेपवर हेअर ड्रायर कमी आचेवर फिरवा आणि टेप पानाला जवळजवळ समांतर ठेवून मागं सोलत जा. सरळ वर ओढलीत तर रंग निघेल. पिवळा डाग राहतो, राहू दे. थिनरनं छपाईच विरघळते.

खडेबाजार_बाइंडिंग:
शिवण राहिली. पिनांची दोन भोकं आतून टिश्यूनं बळकट करा, मधे तिसरं पाडा. वाकळ शिवायचा सुती दोरा चालतो, पुस्तकाच्या उंचीच्या अडीचपट, मेण लावून. आतून मधल्या भोकातून बाहेर, वरच्यातून आत, आतल्या आत खालच्या भोकापर्यंत, तिथून बाहेर, परत मधल्यातून आत. दोन्ही टोकं लांब टाक्याच्या दोन बाजूंना घेऊन गाठ मारा. दोरा घडीच्या दिशेनंच ओढा, पानाच्या दिशेनं ओढला तर तो कागद चिरत जातो.

खानापूरकर:
आणि हे काम आत्ता पावसात काढू नका. आमच्याकडं खानापूर भागात जुलैमध्ये खळ वाळायच्या आधी बुरशी धरते. दसरा होऊ द्या. तोवर पुस्तक कपाटात आडवं ठेवा, भिंतीला टेकवून नको. कसर (कागद खाणारी कीड) दिसली तर प्लास्टिक पिशवीत हवाबंद करून डीप फ्रीझरमध्ये आठवडाभर ठेवा. बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी उघडायची नाही, नाहीतर पानांवर दव धरतं आणि शाई पसरते.