मदत हवी आहे : मार्केट ड्रेटनच्या नोंदवहीतील ‘१६ फेब्रुवारी १७४१’ हा विवाह नेमका कोणत्या वर्षीचा?

सर्व सभासदांना नमस्कार.

आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताच्या नव्या आवृत्तीचे काम गेली तीन वर्षे माझ्याकडे आहे. माझी कन्या टोरंटोला असते. जावई इंग्रज असून त्यांचे पूर्वज श्रॉपशायरमधील मार्केट ड्रेटन या बाजारपेठेच्या गावचे. नातीच्या पानावर आईकडच्या पिढ्या ओळीने लिहिलेल्या आणि वडिलांकडची बाजू कोरी, हे मला पटेना. म्हणून तिकडच्या विवाहनोंदी शोधायला घेतल्या आणि एका नोंदीपाशी अडलो आहे.

या गावाला तिसऱ्या हेन्री राजाकडून १२४५ मध्ये बाजाराची सनद मिळाली आणि तिथला बुधवारचा बाजार आजही भरतो. १६५१ च्या आगीत गावाचा मोठा भाग जळाला. रॉबर्ट क्लाइव्हचा जन्म जवळच्याच स्टाइच येथे १७२५ मध्ये झाला. १७५६ मध्ये तुळाजी आंग्र्यांकडून विजयदुर्ग घेणाऱ्यांत तो होता आणि आमचे मूळ घर त्याच किल्ल्याच्या खाडीकाठी आहे, त्यामुळे हे गाव मला अगदीच परके वाटत नाही.

शोध घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट आधी सांगतो, कारण माझे दोन महिने त्यात गेले. इथल्या पॅरिशचे (म्हणजे चर्चच्या हद्दीतील वस्तीचे) जुने नाव ‘ड्रेटन इन हेल्स’ असे आहे आणि नोंदी त्याच नावाखाली सापडतात. शिवाय तिचा टर्ली हा भाग स्टॅफर्डशायरमध्ये मोडत असे, त्यामुळे केवळ श्रॉपशायरपुरता शोध घेतला तर काही कुटुंबे निसटू शकतात.

आता मूळ अडचण. जावयांच्या पूर्वजाचा विवाह १७६८ मधला असून त्याच्या पानाचे छायाचित्र माझ्याकडे आहे. १७५४ पासून लागू झालेल्या हार्डविक या विवाहविषयक कायद्यामुळे ती नोंद छापील नमुन्यात आहे : लागोपाठ तीन रविवारी चर्चमध्ये नियोजित विवाहाचा पुकारा (जाहीर घोषणा) झाल्याचा उल्लेख, वराची थरथरत्या हातची सही, वधूची फुली आणि दोन साक्षीदार. त्यांतील एका साक्षीदाराचे नाव त्या पानावरील प्रत्येक विवाहाखाली आहे, त्यामुळे तो नातेवाईक नसून चर्चचा कारकून असावा असे मला वाटते. वराच्या वडिलांचे नाव मात्र त्यात नाही, कारण विवाहनोंदीत पित्याचे नाव आणि व्यवसाय लिहिणे १८३७ पासून सुरू झाले.

म्हणून मी बाप्तिस्म्याच्या नोंदी पाहिल्या. जुलै १७४१ मध्ये त्याच नावाच्या मुलाचा बाप्तिस्मा झालेला आढळतो; आईचे नाव एलिझाबेथ असून तिला वडिलांची पत्नी म्हटले आहे. वडिलांच्या नावाचा एलिझाबेथशी झालेला विवाह एका संकेतस्थळाच्या सूचीत ‘१६ फेब्रुवारी १७४१’ असा दिला आहे. प्रथम मला वाटले की फेब्रुवारीत लग्न, जुलैत मूल, प्रश्न मिटला. परंतु इंग्लंडमध्ये १७५१ पर्यंत सरकारी वर्ष २५ मार्चला सुरू होत असे. आपल्याकडे पाडव्याआधीचा फाल्गुन जुन्या शकात मोजतात आणि शकावरून इसवी सन काढताना ७८ मिळवावेत की ७९, असा प्रश्न पडतो, तसाच हा प्रकार आहे. मूळ नोंदवहीत १७४१ असेल, तर आजच्या हिशेबाने तो फेब्रुवारी १७४२ ठरतो, म्हणजे विवाह बाप्तिस्म्यानंतर झाला. तसे असेल तर बाळाची आई ही एलिझाबेथ नव्हे, तर त्याच नावाची आधीची पत्नी असली पाहिजे. सूची करणाऱ्याने वर्ष आधीच सुधारून लिहिले असेल, तर मात्र माझा पहिला तर्क बरोबर ठरतो.

ईस्टरच्या आधीचा लेंट हा उपवासकाळ ईस्टरच्या तारखेवरून ठरतो, म्हणून मी ईस्टरचे गणित करून पाहिले. १७४१ मध्ये लेंट ११ फेब्रुवारीला सुरू झाला, तर १७४२ मध्ये ३ मार्चला. आपल्याकडे चातुर्मासात लग्ने टाळतात तशी लेंटमध्येही टाळत. त्यामुळे माझा कल १७४२ कडे आहे. पण अठराव्या शतकात हा नियम सैल झाला होता, म्हणून केवळ त्यावर निर्णय करणे मला योग्य वाटत नाही.

जुन्या कुलवृत्तांतांत सुनांची माहेरची नावे कित्येकदा गाळलेली असतात, ते वाचताना मला नेहमी वाईट वाटते. इथे तर एका आईच्या जागी दुसरीचे नाव लिहिले जाण्याचा धोका आहे.

श्रूझबरीच्या श्रॉपशायर आर्काइव्ह्जमध्ये जाऊ शकणारे कोणी सभासद टेल्फर्ड, बर्मिंगहॅम किंवा आसपास राहतात का? मूळ पानावर ही नोंद डिसेंबर १७४१ च्या नोंदींनंतर येते की आधी, एवढे पाहिले तरी वर्ष ठरेल. तसेच जुलै १७४१ ते फेब्रुवारी १७४२ या काळात त्याच आडनावाच्या एखाद्या एलिझाबेथचे दफन नोंदले आहे का, हेही कृपया पाहावे. पान अस्पष्ट असल्यास बिशपकडे दरवर्षी पाठवलेल्या नकलेशी ताडून पाहता येईल. ही पॅरिश लिचफील्डच्या धर्मप्रांतात असल्यामुळे ते दप्तर आता स्टॅफर्डला आहे. विवाह पुकाऱ्याऐवजी परवान्याने झाला असल्यास त्याचा करारनामाही तिथेच मिळू शकेल.

आडनाव आणि इतर तपशील व्यक्तिगत निरोपातून कळवीन. छायाप्रतींचा व प्रवासाचा खर्च मी आनंदाने देईन.